मत द्यायचा अधिकार नव्हता, तरी गोखले दरवर्षी इंग्रजांकडे सैन्याचा हिशोब मागत राहिले

गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की आपल्याला आठवतात गांधीजींचे राजकीय गुरू आणि टिळकांचे विरोधक. बहुतेकांच्या डोक्यात त्यांची ओळख इथेच संपते. पण सरहद्दीपलीकडच्या युद्धांचा खर्च भारताच्या माथी मारू नका आणि वाढवलेलं सैन्य कमी करा, हे त्यांनी इंग्रज सरकारला त्यांच्याच आकड्यांनी सुनावलं होतं.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि त्या पगारावर गोपाळ शिकला. १८८४ ला एल्फिन्स्टन कॉलेजमधून पदवी घेऊन ते पुण्यात शिकवू लागले. पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक झाले, अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं. सरकारी अहवाल आणि बजेट कसं वाचायचं हे मात्र त्यांना शिकवलं न्यायमूर्ती रानड्यांनी.

आता भानगड काय होती ती बघू.

१८८५ ला रशियाचं सैन्य अफगाणिस्तानच्या सीमेवरच्या पंजदेहपर्यंत आलं. रशिया भारतावर चालून येणार या भीतीने इंग्रजांनी इथलं सैन्य सुमारे ३० हजारांनी वाढवलं. त्याच वर्षी ब्रह्मदेशावर स्वारी झाली, १८९५ ला चित्रालची मोहीम निघाली. साम्राज्य इंग्रजांचं वाढत होतं आणि बिल भारताच्या तिजोरीतून जात होतं.

भारताच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी कमिशन बसलं, तेव्हा १८९७ ला गोखले लंडनला साक्ष द्यायला गेले. वय अवघं तीस. सीमेपलीकडच्या युद्धांचा फायदा साम्राज्याला होतो, तर खर्चही इंग्लंडने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९०२ ला ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पोचले. तिथला नियम असा की सदस्यांनी बजेटवर बोलायचं, पण मतदान नाही. म्हणजे कितीही बिनतोड बोला, बजेट आहे तसंच राहणार.

तरी गोखले बोलले. त्या वर्षी तिजोरीत शिल्लक होती आणि सरकार ती भरभराटीची खूण म्हणून दाखवत होतं. गोखल्यांनी मांडलं की लोक गरीब असताना शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय. शिवाय त्या काळात भारतातले हजारो सैनिक दक्षिण आफ्रिका आणि चीनमधल्या लढायांवर गेले होते, आणि त्यांच्यावाचून इथलं काही अडलं नव्हतं. मग एवढी फौज भारतासाठी लागते कशाला?

या हिशोबात मीठही होतं. मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. कर्जतजवळच्या कशेळे गावातला शेतकरी असो की पुण्यातला सावकार, चिमूटभर मीठ घेतलं की करही भरावाच लागायचा. गोखल्यांनी हा कर कमी करायचा धोशा लावला. १९०३ ला तो दोन रुपये झाला, १९०५ ला दीड आणि १९०७ ला एक रुपया.

सैन्य मात्र कमी होईना. रशिया जपानकडून हरला. १९०७ ला इंग्लंड आणि रशियाचा करारही झाला. ज्या भीतीने सैन्य वाढवलं ती भीती संपली, तर आता वाढीव पलटणी कमी करा, असा गोखल्यांचा मुद्दा होता. सरकारने दाद दिली नाही.

ते युद्धाच्याच विरोधात होते किंवा सैन्यच नको म्हणत होते, असं नाही. वाचलेला पैसा शाळांना द्या, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९११ ला त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोधाच्या कारणांमध्ये एक कारण होतं, खर्च परवडत नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ ला, वयाच्या ४८ व्या वर्षी गोखले गेले. तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं. त्यात दहा लाखांहून जास्त भारतीय समुद्रापार गेले आणि १९१७ ला भारताच्या नावावर युद्धासाठी १० कोटी पौंडांची देणगी लिहिली गेली. शाळांसाठी नसलेला पैसा युद्धासाठी मात्र निघाला.

सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा भारतात झाला २००९ ला. गोखल्यांचं विधेयक पडल्याला तोवर ९७ वर्षं झाली होती.