परघरी वाढलेले जॉर्ज कार्व्हर

वार लावून जेवून शिकलेला एखादा तरी पूर्वज आपल्या बहुतेक कुटुंबांत सापडेल. अशा घरांतील मुलांनी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चरित्र अवश्य वाचावे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात, डायमंड गावाजवळ, सुमारे १८६४ साली गुलाम मातेच्या पोटी त्यांचा जन्म झाला. तान्हेपणीच दरोडेखोरांनी मायलेकरांस पळविले. धनी मोझेस कार्व्हर यांनी घोडा देऊन मूल सोडविले. आई मात्र कायमची अंतरली. ही दया की मालमत्तेचा मोह, याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु गुलामगिरी संपल्यावरही मोझेस व त्यांच्या पत्नी सुसान यांनी जॉर्जला व त्याच्या भावाला पोटच्या पोरांप्रमाणे वाढविले, हे खरे. जॉर्ज प्रकृतीने अशक्त. म्हणून शेतकामाऐवजी सुसानबाईंच्या हाताखाली रांधणे, शिवणे, धुणे व परसबाग हेच त्याच्या वाट्यास आले.

काळ्या मुलांस जवळच्या शाळेत मज्जाव होता. म्हणून कोवळ्या वयातच तो निओशो गावी गेला. तेथे मरिया वॉटकिन्स या सुईणीने त्यास ठेवून घेतले. घरकामाच्या मोबदल्यात आसरा मिळाला, आणि शिकून आपल्या माणसांच्या उपयोगी पडावे, ही शिकवणही. पुढे एका महाविद्यालयाने वर्ण पाहताच त्यांना दारातून परत पाठविले. तरीही लोकांचे कपडे धुऊन त्यांनी शिक्षण चालविले व १८९६ साली आयोवातून कृषिशास्त्राची उच्च पदवी घेतली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातील टस्कीगी येथे आले. भोवतालची काळी कुटुंबे वाट्याने जमीन कसणारी. कापसावर कापूस घेऊन जमीन निकस झालेली आणि डोक्यावर कर्ज. १९०६ मध्ये त्यांनी आखलेली फिरती शाळा सुरू झाली. घोडागाडीत अवजारे, बियाणे घालून ती शेतकऱ्याच्या बांधावर जाई. चवळी व भुईमूग जमिनीचा कस कसा परत आणतात, फळे-भाज्या कशा टिकवाव्यात, आसपासच्या मातीपासून भिंतींना रंग कसा करावा, हे सारे त्यांनी सोप्या पुस्तिकांतूनही सांगितले. सुसानबाईंचे स्वयंपाकघर येथे कामास आले, असे म्हणण्यास हरकत नाही. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधून काढले, असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नव्हे. आमच्या मते, ती घोडागाडी हेच त्यांचे मोठे काम.

ते अविवाहित राहिले. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथेच त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी आपल्या नावे स्थापन झालेल्या संशोधन-निधीस देऊन टाकली होती.