लिटल वॉल्टर : ओंजळीतल्या वाद्याचा जादूगार

माउथऑर्गन म्हणजे पोरासोरांचे खेळणे, असाच आपला समज असतो. या खेळण्याला वाद्याचा मान मिळवून देणाऱ्यांत लिटल वॉल्टर हा कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत अग्रगण्य होय.

त्याचे खरे नाव मॅरियन वॉल्टर जेकब्ज. जन्म १ मे १९३० रोजी, लुइझियाना राज्यातील मार्क्सव्हिल येथे. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. गावोगाव वाजवीत तो शिकागोस पोचला व मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवू लागला. पुढे मडी वॉटर्स या ब्लूज गायकाने त्याला साथीस घेतले.

परंतु विजेच्या गिटारपुढे ते चिमुकले वाद्य ऐकू जाईना. वॉल्टरने वाद्य टाकले नाही. माउथऑर्गन व मायक्रोफोन एकाच ओंजळीत घट्ट धरून तो वाजवू लागला. आवाज तर वाढलाच, शिवाय सॅक्सोफोनसारखा भरदार नाद उमटला. १९५२ साली त्याचे ‘ज्यूक’ रिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे पहिले राहिले. १९५५ साली ‘माय बेब’ही पहिले आले. अशा बारा रचनांची ‘द बेस्ट ऑफ लिटल वॉल्टर’ ही तबकडी नंतरच्या वादकांना पाठ्यपुस्तकच ठरली.

दारू व तापट स्वभाव यांनी मात्र घात केला. एका मारामारीनंतर, १५ फेब्रुवारी १९६८ रोजी, ३७ व्या वर्षी तो गेला. १९९१ पर्यंत त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. साधने अपुरी वाटतात, तेव्हा मला ती ओंजळ आठवते.