सोलापूरचा डॉक्टर, चीनमधली 'काळी आई'

म्हसवड : मार्गशीर्ष उजाडला की म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाची लगबग सुरू होते. माणगंगेच्या काठावर माणसांचा पूर लोटतो, घोंगड्यांची दुकाने लागतात आणि पंढरपूर-सोलापूरकडून येणारी वाहने वेशीबाहेर थांबतात. साधारण याच दिवसांत ९ डिसेंबर ही तारीख येते. या दुष्काळी पट्ट्यातल्या फार थोड्यांना ती आठवते. म्हसवडहून पंढरपूरमार्गे ज्या सोलापूरला रस्ता जातो, त्या सोलापूरचा एक तरुण डॉक्टर १९४२ साली याच तारखेला उत्तर चीनमधल्या एका डोंगरी खेड्यात मरण पावला. वय अवघे ३२. त्याचे स्मारक आणि पुतळे चीनमध्ये आहेत, त्याच्या नावाची वैद्यकीय शाळा तिथे आहे. आपल्याकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव बहुतेकांना ठाऊक आहे ते व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे. चित्रपटाने नाव जिवंत ठेवले हे खरे, पण पडद्यावरच्या प्रेमकथेत मूळ माणूस थोडा झाकोळला गेला, हेही खरेच.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे कोकणातल्या वेंगुर्ल्याचे. वडील सोलापुरातल्या गिरणीत नोकरीला होते. दोन भाऊ, पाच बहिणी, म्हणजे खाणारी तोंडे बरीच आणि मिळकत बेताची. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे भोंगे, हातमाग आणि दुष्काळ पडला की आजूबाजूच्या तालुक्यांतून कामाच्या शोधात येणारी माणसे. १९३० साली याच शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. मार्शल लॉ आला तेव्हा द्वारकानाथ एकोणीस वर्षांचे होते. ज्या शहरात असे काही घडते, तिथल्या तरुणाला राजकारण पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तयारी सुरू होती. ती पूर्ण होऊन सोलापुरात किंवा मुंबईत दवाखाना निघाला असता, तर एका मध्यमवर्गीय कुटुंबाचे दिवस पालटले असते. घरच्यांची अपेक्षा याहून वेगळी असण्याचे कारण नव्हते.

जुलै १९३७ मध्ये पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड आक्रमण केले. शांघाय पडले, नानकिंग पडले. शहरांवर बॉम्ब पडत होते आणि जखमींना उचलायलाही माणसे पुरत नव्हती. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही काँग्रेसने ही विनंती मनावर घेतली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, 'चीन दिन' पाळण्यात आला, ठिकठिकाणी वर्गणी गोळा झाली. जमलेली रक्कम सुमारे २२ हजार रुपये. त्यातून औषधे, शस्त्रक्रियेची सामग्री आणि एक रुग्णवाहिका घेण्यात आली. आजच्या हिशेबाने ही रक्कम किरकोळ वाटेल. पण ती कोणा सरकारच्या तिजोरीतून आलेली नव्हती. एका गुलाम देशातल्या लोकांनी दुसऱ्या होरपळणाऱ्या देशासाठी खिशात हात घातला होता.

पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले. उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर, पाचांत वयाने वडील. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे दोघे बंगाली. पाचवे डॉ. कोटणीस. पाचांपैकी दोघे महाराष्ट्रातले. डॉ. चोळकरांचे नाव मात्र आज नागपुरातही क्वचितच निघते. उतारवयात, प्रकृतीची हमी नसताना युद्धभूमीवर जायला निघालेल्या या माणसाची कोणीतरी स्वतंत्रपणे दखल घ्यायला हवी.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने पथक मुंबईहून निघाले. हाँगकाँगमार्गे कँटनला पोहोचले, तेव्हा डॉ. सुन यत सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तिथून चांगशा, हँको, इचांग आणि शेवटी चुंगकिंग. शहर पडले की रुग्णालय हलवायचे, पुढच्या गावी पुन्हा खाटा मांडायच्या, असा तो प्रवास होता. चुंगकिंगमध्ये शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे प्रमुख प्रा. तान युनशान यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के तिहुआ'. पुढची चार वर्षे आणि नंतरही चिनी माणसांनी त्यांना याच नावाने ओळखले.

आणि चुंगकिंगमध्येच सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली.

या प्रसंगावरून चरित्रकार एका ओळीत पुढे सरकतात. तिथे थोडे थांबले पाहिजे. घरात आई आहे, बहिणी आहेत, शिक्षण नुकतेच संपलेला मुलगा हजारो मैलांवर आहे. पथकातल्या सहकाऱ्यांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. तसे केले असते तर कोणी बोट दाखवले नसते. उलट आपल्या समाजात तेच कर्तव्य मानले गेले असते. कोटणीस परतले नाहीत. जे काम हाती घेतले ते सोडून जाणे त्यांना पटले नाही. हा निर्णय सोलापूरच्या घराला किती जड गेला असेल, हे लिहिल्याशिवाय त्यांच्या त्यागाची गोष्ट पुरी होत नाही. त्यागाची किंमत नेहमी त्याग करणाराच एकटा भरतो असे नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. माओ त्से तुंग यांचा तळ तिथे होता. पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये माणसे राहत, रुग्णालयही त्याच धर्तीवर. काही महिन्यांत डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी आजारपणामुळे मायदेशी परतले. नोव्हेंबरमध्ये उरलेले तिघे प्रत्यक्ष आघाडीकडे निघाले. त्याच महिन्यात, १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचा उत्तर चीनमध्ये मृत्यू झाला. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनले होते. खेचरांच्या पाठीवर शस्त्रक्रियेचे सामान लादून आघाडीमागे फिरणारा हा माणूस गेल्याने त्या भागात मोठी पोकळी निर्माण झाली. कोटणीसांना बेथ्यून भेटले नाहीत. पण त्यांची जागा पुढे कोटणीसांकडेच आली. डॉ. अटलही प्रकृतीमुळे १९४० मध्ये परतले. राहिले दोघे, बसू आणि कोटणीस.

१९४० च्या उन्हाळ्यात दोघे शांसी, चाहार आणि होपेई या तीन प्रांतांच्या सीमेवरील तळावर पोहोचले. ऑगस्टमध्ये जपान्यांविरुद्ध 'शंभर रेजिमेंटची मोहीम' सुरू झाली आणि जखमींची रीघ लागली. या मोहिमेत आठशेहून अधिक जखमींवर कोटणीसांनी उपचार केले आणि एकदा तर सलग ७२ तास ते शस्त्रक्रियेच्या मेजापासून हलले नाहीत, असे सांगितले जाते. मेज हा शब्दही मोठाच म्हणायचा. बहुतेक वेळा ते एखाद्या शेतकऱ्याच्या घराचे काढून आणलेले दार असे. नाकेबंदीमुळे औषधे येत नव्हती, पट्ट्या धुऊन पुन्हा वापराव्या लागत. शत्रू जवळ आला की खेड्यातले लोक जखमींना खांद्यावरून डोंगरात नेत.

मोहिमेनंतर बसू येनानला परतले. कोटणीस तिथेच राहिले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक नेमण्यात आले. होपेई प्रांतातल्या तांग तालुक्यात, डोंगरातल्या खेड्यांमधून हे रुग्णालय चाले. स्वतंत्र इमारत नव्हती. शेतकऱ्यांची घरे हेच वॉर्ड आणि त्यांच्या तापवलेल्या मातीच्या ओट्यांवर रुग्ण.

१९४१-४२ ही दोन वर्षे या भागासाठी सर्वांत वाईट. जपानी फौजांनी ठार करा, जाळा, लुटा अशी मोहीम उघडली होती. गावेच्या गावे बेचिराख झाली. अशा युद्धात जखमी म्हणजे फक्त सैनिक नसतात. घर जळालेली बाई, डोंगरात पळताना थंडीने काकडलेली लेकरे, उपासमारीने आणि अतिसाराने खंगलेली तान्ही मुले हीसुद्धा युद्धाचीच जखमी. खुद्द आठव्या रूट आर्मीत तेरा-चौदा वर्षांची पोरे निरोप पोहोचवायला आणि रुग्णांची शुश्रूषा करायला होती. अनेकांना घर उरलेले नव्हते. कोटणीसांच्या रुग्णालयाचे दार सैनिकांइतकेच गावकऱ्यांनाही उघडे होते. गावकरी रात्री-अपरात्री बोलवायला येत आणि ते जात. तोवर ते चिनी बोलायला, लिहायला शिकले होते आणि विद्यार्थ्यांना चिनीतूनच शिकवत होते. नाक-डोळे आणि रंग वेगळा, पण बोलणे आपले, असा हा डॉक्टर लोकांनी आपलासा केला. त्यांनी त्यांना नाव ठेवले 'काळी आई'.

चिनी खेडुतांना ठाऊक असण्याचे कारण नाही, पण मराठी शेतकरी काळी आई कशाला म्हणतो हे माणदेशात सांगायला नको. पिकवणाऱ्या जमिनीला. सोलापूरच्या काळ्या मातीतून गेलेल्या माणसाला परक्या मुलखात नेमके हेच नाव मिळावे, हा योगायोग विलक्षण आहे.

बेथ्यून यांच्या समाधीच्या अनावरणाच्या वेळी १९४० मध्ये त्यांची कुओ चिंगलान या तरुणीशी ओळख झाली. ती तिथल्या वैद्यकीय शाळेत परिचारिकांना शिकवीत असे. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनानी नीए रुंगझेन यांनी त्याचे नाव सुचवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. आपल्याकडच्या गौरवपर लेखांतून ही गोष्ट अनेकदा गाळली जाते. ती गाळण्याचे कारण नाही. काँग्रेसच्या वर्गणीवर गेलेला तरुण ज्या लोकांत राहिला, त्यांच्यातला एक झाला, इतकाच तिचा अर्थ.

शरीर मात्र साथ सोडत होते. पोटातल्या कृमींचा आजार, अपुरे अन्न, झोपेचा अभाव यांनी ते खंगले होते आणि अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी तळ सोडून जावे, असा वरिष्ठांचा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही. शस्त्रक्रियाशास्त्राचे चिनी पाठ्यपुस्तक लिहायला घेतले होते, ते पुरे करायचे होते. त्या पुस्तकावर काम करत असतानाच झटका आला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे त्यांचे निधन झाले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पुस्तक अपुरे राहिले.

पाच गेले, चार परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या मोहिमेवर इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातही एकजण परतला नाही हेच सांगितले आहे. त्यावरून १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट आला. नायकाची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली, चिनी पत्नीची जयश्रीबाईंनी. चित्रपटाच्या अखेरीस पत्नी लहानग्याला घेऊन सोलापूरच्या घरी येते. प्रत्यक्षातले आयुष्य इतके सुबक नव्हते. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, पदवी हाती येण्याच्या बेतात असताना, तोही गेला. वय २४. कुओ चिंगलान यांनी मात्र दीर्घ आयुष्य पाहिले. त्या भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, नाते जपले. २०१२ च्या जूनमध्ये दालियन शहरात त्यांचे निधन झाले.

१९६२ च्या युद्धाने दोन्ही देशांत कटुता आली, पुढेही ती अधूनमधून उफाळली. या सगळ्यात कोटणीसांचे नाव तेवढे दोन्हीकडे टिकून राहिले. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत. २००६ मध्ये अध्यक्ष हु जिंताव आणि २०१३ मध्ये पंतप्रधान ली केछियांग यांनी मुंबईत ती घेतली. सोलापुरात भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचे महापालिकेने स्मारकात रूपांतर केले.

त्यांची समाधी होपेई प्रांतातल्या शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत आहे. समोरच्या बाजूला बेथ्यून यांची समाधी आहे. चैत्राच्या सुमारास, पूर्वजांच्या कबरी झाडून फुले वाहण्याच्या चिंगमिंग सणाला, लोक तिथे येतात. त्यांच्या नावाने त्याच शहरात चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत दाखल होणारे विद्यार्थी शिक्षणाच्या आरंभी त्यांच्या पुतळ्यासमोर उभे राहून रुग्णसेवेची शपथ घेतात.