चौथे शिवाजी महाराज आणि सोन्याच्या मुठीची तलवार

कोल्हापुरात चार वर्षं काढायची आणि चौथ्या शिवाजी महाराजांची गोष्ट माहीत नाही, हे काही बरोबर नाही!

१८६३ चा जन्म. १८७१ मध्ये दत्तक होऊन कोल्हापूरच्या गादीवर आले. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला आला, तेव्हा या बारा वर्षांच्या राजाकडून त्याला एक जुनी तलवार नजर केली गेली. शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाणारी. पातं सरळ, युरोपियन बनावटीचं, मुठीवर सोन्याचं काम आणि हिरे-माणकं. आजही ती इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

मेकॅनिकलवाल्यांनो, पोलादावर सोनं बसवतात कसं, ठाऊक आहे? या कलेला कोफ्तगिरी म्हणतात. शब्द फारसी, अर्थ ठोकणे. पोलादावर बारीक उभ्या-आडव्या रेघा मारून ते खरखरीत करायचं, सोन्याची तार त्यावर ठोकायची, तापवून अकिकाने घोटायची. ना वेल्डिंग, ना डिंक! जुन्या इराणी पात्यांवर तर खाच कोरून तिच्यात तार ठोकलेली असते. ते काम जास्त टिकाऊ आणि जास्त कठीण.

पुढे महाराजांना वेडे ठरवलं गेलं. त्यांच्या छळाबद्दल दिवाण बर्व्यांवर लिहिलं म्हणून १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराज मात्र अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) बंदोबस्तातच राहिले. २५ डिसेंबर १८८३ ला ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात ते गेले. वय वीस, म्हणजे आपल्या थर्ड इयरच्या पोरांएवढं.

१८८४ मध्ये त्यांच्या गादीवर दत्तक आले ते शाहू महाराज.