विश्लेषण : हयातीत एकच अल्बम, तरी ‘रॅप’मधील मोठे नाव… ‘नोटोरियस बी.आय.जी.’चा ‘रेडी टू डाय’ इतका का गाजला?

हातात अर्धवट अल्बम, घरी नुकतीच जन्मलेली मुलगी आणि कमाईचा भरवसा नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधील २१ वर्षांच्या ख्रिस्तोफर वॉलेसची ही अवस्था होती. पैशांसाठी तो अजूनही अमली पदार्थ विकत होता. वर्षभराने, १३ सप्टेंबर १९९४ रोजी तोच अल्बम बाजारात आला आणि लाखोंनी खपला. ‘द नोटोरियस बी.आय.जी.’ किंवा ‘बिगी’ या नावाने जग त्याला ओळखू लागले. त्यानंतर तो अडीच वर्षेच जगला.

ख्रिस्तोफर वॉलेस कोण होता?

जन्म २१ मे १९७२, ब्रुकलिन. आई व्होलेटा वॉलेस जमैकाहून अमेरिकेत आलेल्या, पेशाने बालवाडी शिक्षिका. मुलगा दोन वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. मुलगा शाळेत हुशार, इंग्रजीत पुढे. मात्र त्या काळात ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ‘क्रॅक’ कोकेनचा धंदा जोरात होता आणि किशोरवयातच तो त्यात ओढला गेला. आईला याचा पत्ता नव्हता. त्याच्या खोलीत ताटलीत सुकायला ठेवलेले क्रॅक त्यांनी उरलेला बटाट्याचा लगदा समजून फेकून दिले होते. हा किस्सा पुढे त्यांनीच सांगितला.

सतराव्या वर्षी त्याने शाळा सोडली. शस्त्र बाळगल्याबद्दल शिक्षा झाली. पुढे नॉर्थ कॅरोलिनात क्रॅक विकताना तो पकडला गेला आणि जामीन मिळेपर्यंत सुमारे नऊ महिने तुरुंगात राहिला.

मग तो संगीताकडे कसा वळला?

रॅप तो लहानपणापासून करायचा, पण हौस म्हणून. मित्राच्या घरी ध्वनिमुद्रित केलेली त्याची कॅसेट डीजे मिस्टर सी यांच्यामार्फत ‘द सोर्स’ या हिपहॉप मासिकाकडे पोहोचली. मार्च १९९२ मध्ये मासिकाने नवोदितांच्या सदरात त्याची दखल घेतली. तिथून तो ‘अपटाऊन रेकॉर्ड्स’चा तरुण निर्माता शॉन ‘पफ डॅडी’ कोम्ब्सच्या नजरेत आला आणि करार झाला.

अल्बम अर्धवट का राहिला?

१९९३ मध्ये ‘अपटाऊन’ने कोम्ब्सला कामावरून काढले आणि अल्बम लटकला. त्याच ऑगस्टमध्ये बिगीला मुलगी झाली. घर चालवण्यासाठी तो पुन्हा जुन्या धंद्यावर अवलंबून राहिला. कोम्ब्सला हे कळल्यावर त्याने बिगीला तो धंदा सोडायला लावला. दरम्यान कोम्ब्सने ‘बॅड बॉय’ ही स्वतःची कंपनी काढली होती. तिथेच अल्बम पूर्ण झाला.

या खंडामुळे अल्बममध्ये चक्क दोन आवाज ऐकू येतात. आधीच्या गाण्यांत आवाज चढा, घाईचा, चिडलेला आहे. नंतरच्या गाण्यांत तो संथ आणि सराईत होतो. या टप्प्यापर्यंत बिगीने ओळी कागदावर लिहिणे सोडले होते. संपूर्ण गाणे डोक्यात रचून तो थेट माइकसमोर उभा राहायचा.

यशाचे गणित काय होते?

अल्बमचा आशय काळाकुट्ट आहे. सुरुवात जन्माने होते आणि शेवट आत्महत्येने. मधे लूटमार, भूक आणि आईच्या कर्करोगाची चिंता. असा अल्बम रेडिओवर वाजणे कठीण, हे कोम्ब्सने ओळखले. ‘ज्युसी’सारख्या गुळगुळीत चालीच्या गाण्याला बिगी सुरुवातीला नाखूश होता. कोम्ब्स अडून बसला. शेवटी ‘ज्युसी’ आणि ‘बिग पॉपा’ यांनीच अल्बम घराघरांत नेला. ‘बिग पॉपा’ बिलबोर्डच्या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले.

१९९५ मध्येच अल्बम ‘डबल प्लॅटिनम’ ठरला. अमेरिकेत १० लाख प्रतींना एक ‘प्लॅटिनम’ मिळते. २०१८ पर्यंत हा आकडा सहा प्लॅटिनमवर, म्हणजे ६० लाखांवर गेला. आता या मोजणीत स्ट्रीमिंगही धरले जाते. डॉ. ड्रे आणि स्नूप डॉग यांच्यामुळे तेव्हा रॅपचा बाजार लॉस एंजेलिसकडे सरकला होता. तो पुन्हा न्यूयॉर्ककडे खेचण्यात या अल्बमचा मोठा वाटा होता.

‘सॅम्पलिंग’चा वाद काय?

जुन्या गाण्याचा छोटा तुकडा कापून तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर नवे गाणे उभारायचे, याला सॅम्पलिंग म्हणतात. ‘ज्युसी’चा पाया एमटुमे बँडचे १९८३ मधील ‘ज्युसी फ्रूट’ आहे. यासाठी साधारणपणे दोन परवानग्या लागतात. एक मूळ रचनेची, दुसरी ध्वनिमुद्रणाची. शीर्षकगीतात ओहायो प्लेयर्स बँडचा तुकडा विनापरवानगी वापरल्याचा निकाल २००६ मध्ये नॅशव्हिलच्या ज्युरीने दिला. सुमारे ४२ लाख डॉलरची भरपाई ठरली आणि अल्बमची विक्रीही काही काळ थांबली. पुढे अपिलात दंडाची रक्कम अवाजवी ठरली. नंतरच्या आवृत्त्यांत तो तुकडा नाही.

यशानंतर काय घडले?

नोव्हेंबर १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत रॅपर टुपाक शकूरवर गोळीबार झाला. त्याने एकेकाळचा मित्र असलेल्या बिगीवर संशय घेतला. बिगीने आरोप नाकारला, पण वैर पेटले. सप्टेंबर १९९६ मध्ये लास व्हेगासमधील गोळीबारात टुपाकचा मृत्यू झाला. सहा महिन्यांनी, ९ मार्च १९९७ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये पार्टीहून परतताना सिग्नलला थांबलेल्या गाडीत बिगीवर गोळ्या झाडण्यात आल्या. तो २४ वर्षांचा होता. या हत्येप्रकरणी आजवर कोणावरही खटला चाललेला नाही.

दुसरा अल्बम ‘लाइफ आफ्टर डेथ’ तयार होता. तो हत्येनंतर १६ दिवसांनी आला आणि पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हयातीत प्रकाशित झालेला त्याचा एकमेव सोलो अल्बम मात्र ‘रेडी टू डाय’च. २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश केला. ज्या रस्त्यावर तो वाढला, ब्रुकलिनच्या त्या सेंट जेम्स प्लेसच्या एका भागाला २०१९ पासून त्याचे नाव आहे.