आकाशातून पृथ्वीचे चित्र

भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. उंचावरून येणाऱ्या त्या पक्ष्यांना भीमेचे पाणी, उसाचे मळे आणि वाड्यावस्त्या एकाच दृष्टिक्षेपात दिसत असतील. पृथ्वीचे असे रूप प्रथम छायाचित्रात उतरविणारा पुरुष म्हणजे फ्रेंच छायाचित्रकार नादार होय.

त्याचे मूळ नाव गास्पार फेलिक्स तूर्नाशाँ. त्याचा जन्म ६ एप्रिल १८२० रोजी पॅरिस येथे झाला. वडिलांचा ग्रंथप्रकाशनाचा व्यवसाय बुडाला आणि पुढे ते वारले. त्यामुळे वैद्यकीचे शिक्षण सोडून नादारला वृत्तपत्रांत लेख लिहून व व्यंगचित्रे काढून पोट भरावे लागले. नंतर तो छायाचित्रणाकडे वळला व त्या कलेत नामांकित झाला.

त्या काळी विमाने नव्हती. म्हणून १८५८ साली पॅरिसजवळच्या एका खेड्यात त्याने दोरांनी बांधलेल्या वायुयानातून, म्हणजे मोठ्या फुग्यातून, वर जाण्याचे ठरविले. छायाचित्राची काच रसायनाने ओली असतानाच वापरावी लागे व ती वाळण्यापूर्वी धुवावी लागे. त्यासाठी त्याने फुग्याच्या टोपलीतच काळ्या कापडाची अंधारी खोली उभारली. परंतु प्रत्येक खेपेस काच काळी पडे. द्रव्य संपत आले, तरी कारण उमगेना. तथापि त्याने प्रयत्न सोडला नाही.

एके दिवशी सकाळी हवा थंड होती आणि वायू कमी पडल्याने फुगा उचलेना. नादारने तंबूसह सारे जड सामान खाली ठेवले. उरलेला वायू निसटू नये म्हणून फुग्याचे तोंड बंद केले आणि तो वर गेला. खाली येऊन काच धुतली, तो काय आश्चर्य! तीवर घरांची अंधूक आकृती उमटली होती. फुग्यातून झिरपणारा वायूच काचेवरील रसायन बिघडवीत होता, हे तेव्हा उघड झाले. ते पहिले चित्र आज उपलब्ध नाही. परंतु १८६८ साली त्याने आकाशातून घेतलेली पॅरिसची चित्रे राहिली आहेत.

१८६३ साली त्याने एक प्रचंड फुगा बांधला. दुसऱ्याच उड्डाणात तो जर्मनीत कोसळला आणि नादार व त्याची पत्नी जखमी झाली. तरीही १८७० साली शत्रूने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा नगरातील पत्रे फुग्यांतून बाहेर पाठविण्याच्या कामी त्याने पुढाकार घेतला.

फुगा वाऱ्याचा दास आहे. वाऱ्याला न जुमानणारे यंत्र माणसाने केले पाहिजे, असे तो सांगत असे. १९०९ साली ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, ही वार्ता ऐकण्याचे भाग्य त्याला लाभले. मार्च १९१० मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, तो निवर्तला. आज नद्या, धरणे व पूरग्रस्त गावे यांची चित्रे आकाशातून घेतली जातात, त्या कार्याचा आरंभ त्याच्या अंधूक काचेपासून झाला.