कार्पेट साहेबांची दारू: फुटक्या ठासणीपासून कॉर्डाइटपर्यंत

सर्वण (डिचोली): 25 जुलै हा जिम कॉर्बेट यांचा जन्मदिवस. दरवर्षी या दिवशी वाघांचे फोटो फिरतात, नरभक्षकांचे आकडे फिरतात आणि कुमाऊंचा हा शिकारी पुढे वाघांचा वाली कसा झाला, तेही सांगून होतं. त्यांच्या बंदुकीत काय भरलेलं असायचं, याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. खरं तर त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा तिथूनच होतो.

दारू म्हटलं की आमच्या गोव्यात आधी काजूची फेणी आठवते. इथे बोलतोय ते बंदुकीच्या दारूबद्दल.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म 1875 चा, नैनितालचा. वडील ख्रिस्तोफर तिथे पोस्टमास्तर. भावंडांत जिम आठवा. सहा वर्षांचा होण्याआधीच वडील वारले आणि मोठा संसार आई मेरी जेन यांच्या अंगावर पडला. उन्हाळा नैनितालात, हिवाळा खाली कालाढुंगीला, असा घरचा क्रम. कालाढुंगीच्या रानातच हा पोरगा वाढला. साहेबाचा मुलगा असला तरी हाती पैसा नव्हता, त्यामुळे पहिली बंदूक मिळाली तीसुद्धा मोडकी.

ती ठासणीची दुनळी एका नातलगाने दिली होती. उजवी नळी फुटून सहा इंच चिरलेली. दस्ताही मोडलेला, पितळेच्या तारेने नळ्यांना बांधून ठेवलेला. चालण्यासारखी एकच नळी, डावी. ती नळी फुटली कशाने, हे ठासणीची बंदूक हाताळलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. नळीत दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि गजाने ठासायचं. घाईत दारू दुप्पट पडली किंवा छर्रे दारूवर नीट न बसता मधेच अडकून पोकळी राहिली, की नळी फाटते. आमच्याकडे डिचोली-सत्तरीत जुनी माणसं अशा बंदुकीबद्दल बोलताना आजही आवाज जरा खाली आणतात.

एका चांगल्या नळीवर शिकलेल्या पोराला दोन गोष्टी कायमच्या कळल्या. दारू मोजून भरायची आणि एक बार म्हणजे एकच संधी. पुन्हा ठासेपर्यंत जनावर पळून गेलेलं असतं, नाहीतर अंगावर आलेलं असतं.

पुढे शाळेच्या कॅडेट तुकडीतल्या सार्जंट-मेजरने त्याला लष्करी मार्टिनी रायफल वापरायला दिली. काडतुसं हवी तेवढी घे, फक्त रायफल स्वच्छ ठेवायची आणि उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या परत आणून द्यायच्या, अशी अट. मी कॉमर्सचा माणूस, मला ही अट फार आवडते. पुंगळ्या मोजल्या की बार किती काढले ते कळतं, आणि पोराने आणलेल्या शिकारीशी ताळा लगेच जमतो.

मार्टिनीच्या काडतुसात 85 ग्रेन काळी दारू आणि तिच्यापुढे 480 ग्रेनची शिशाची गोळी. सोरा, गंधक आणि कोळशाची ही जुनी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होऊन मागे उरतो. खांद्याला धक्का असा बसतो की लहान पोर मागे पडावं. पण धक्क्यापेक्षा धूर वाईट. बार काढल्यावर समोर पांढरा पडदा उभा राहतो आणि गोळी बिबट्याला लागली की दगडाला, ते दिसत नाही. नळीत राहिलेली काजळी हवेतलं पाणी ओढून घेते. पावसाळ्यात दोन दिवस बंदूक धुतली नाही तर कोकणात तिचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. म्हणून स्वच्छतेची अट. याच रायफलीने जिमने पहिला बिबट्या मारला.

त्याच काळात जगात दारू बदलत होती. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू काढली. 1887 मध्ये आल्फ्रेड नोबेल यांची बॅलिस्टाइट आली आणि 1889 मध्ये इंग्लंडात एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट तयार केली. कॉर्डाइट दिसायला शेवयांसारखी, लांब दोऱ्यांची. धूर नावापुरता. वजनाने निम्म्याहून कमी दारूत गोळीला कितीतरी जास्त वेग मिळू लागला. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा, म्हणजे काळ्या दारूच्या जमान्यातला. नंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीलगिरीत अरुवनकाडूला खास कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला.

पण नवी दारू आली म्हणून जुन्या बंदुकीत भरता येत नव्हती. काळी दारू पुंगळी गच्च भरते आणि तिचा दाब तुलनेने कमी राहतो. बिनधुराची थोडीशी दारू त्याच नळीत फार मोठा दाब उठवते. काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत कुणी डोळे मिटून नवी दारू त्याच मापाने ओतली, तर बंदुकीचा बाँब होतो. म्हणून बंदूकवाल्यांनी मधला मार्ग काढला. जुन्या जाड बोअरच्या एक्सप्रेस रायफलींसाठी सौम्य मापाची कॉर्डाइट काडतुसं निघाली, जुन्या नळीला सोसेल एवढ्याच दाबाची.

शिवाय दुनळी रायफलीची वेगळीच भानगड. तिच्या दोन्ही नळ्या एका ठराविक मापाच्या दारूवर जुळवून डाख दिलेल्या असतात, म्हणजे दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी पोचतात. दारू बदलली की एक गोळी उजवीकडे आणि दुसरी डावीकडे. त्यासाठी किती कॉर्डाइट आणि किती वजनाची गोळी, हे नळीवरच खोदून ठेवायचे. तिसरी गोष्ट उन्हाची. विलायतेच्या थंडीत बरोबर वाटलेलं काडतूस आपल्या मे महिन्यात तापलं की दाब वाढतो, पुंगळी फुगून नळीत अडकते आणि दुसरा बार भरता येत नाही. समोर वाघ असताना हे झालं तर काय, याचा विचार करून इंग्रज कारखानदार हिंदुस्थान-आफ्रिकेसाठी दारू थोडी कमी भरून वेगळी काडतुसं करायचे. काडतूस हाताने भरणारे शिकारीही हेच बघायचे: नळी कुठल्या काळातली, ऊन किती, गोळी किती जड. वेग हा त्यानंतरचा विचार.

जिमचं शिक्षण लवकर सुटलं. अठराव्या वर्षाच्या सुमारास रेल्वेत सरपणाचा इन्स्पेक्टर, आणि पुढे बिहारात मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचा ठेका. तिथे त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ हमालांसोबत काढला. शिकार रजेतली. नरभक्षक मारायला बोलावणं येई तेव्हा त्यांच्या अटी असायच्या: सरकारने जाहीर केलेलं बक्षीस आधी मागे घ्यायचं आणि बाकीचे शिकारी रानातून काढायचे. पैशासाठी मारणारा म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि दुसऱ्याची चुकलेली गोळी खायचीही नव्हती.

1907 मध्ये चंपावतची वाघीण. नेपाळात 200 आणि कुमाऊंत 236, असे 436 बळी तिच्या नावावर. लोक दारं लावून बसलेले, पिकं शेतात उभी. कॉर्बेट यांनी हाका घालायचं ठरवलं आणि चंपावतच्या तहसीलदाराने गावोगाव निरोप धाडला की विनापरवाना बंदुकांकडे त्या दिवशी काणाडोळा केला जाईल, लागेल तो दारूगोळाही मिळेल. 298 माणसं जमली. बाहेर आल्या त्या बंदुका संग्रहालयात ठेवाव्यात अशा. हाके काढणाऱ्यांना नेम धरायचा नव्हता, आवाज करायचा होता. त्या कामाला काळी दारू उत्तम.

कॉर्बेट यांच्या हातात .500 बोअरची सौम्य कॉर्डाइटची रायफल. खिशात काडतुसं तीन. तेव्हा त्यांचा हिशेबच तसा होता: वाघ एका गोळीत पडतो, फार तर दोन लागतात, तिसरी अडचणीसाठी. वाघीण खाली येताना दिसली, तहसीलदाराने लांबून बार काढले, ती मागे वळली आणि कॉर्बेट यांनी निराशेने एक गोळी तिच्या मागे धाडली. वाया गेली. वरच्या लोकांना वाटलं काम झालं. त्यांनी उरलेले सगळे बार एकदम उडवले आणि त्या गदारोळाने वाघीण पुन्हा खाली आली. पुढच्या दोन्ही गोळ्या लागल्या, पण ती पडली नाही. खिसा रिकामा.

कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेले आणि त्याची बंदूक घेऊन परतले. जवळ पोचल्यावर लक्षात आलं, नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात बोटभर फट आहे. म्हणजे दारूचा भडका मागे येऊन डोळे जायचा संभव. तरी वीस फुटांवरून बार काढला. तो लागला पंजाला. पण आधीच्या दोन गोळ्यांनी काम केलेलं होतं, वाघीण दगडावर कलंडली.

नंतर तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा सुळा तुटलेले, वरचा अर्धा, खालचा हाडापर्यंत. कुणाच्या तरी गोळीने. ती बंदूक कुणाची, तिच्यात कसली दारू होती, बार लांबून काढला की दारू कमी पडली, कुणालाच माहीत नाही. नैसर्गिक शिकार करता येईना म्हणून ती माणसांकडे वळली. एका अर्धवट बाराने 436 माणसं खाल्ली, असं मी म्हणतो. कॉर्बेट पुढे आयुष्यभर हेच दाखवत राहिले, की वाघ सहसा जखमेमुळे किंवा म्हातारपणामुळे नरभक्षक होतो. प्रत्येक वेळी माणूसच दोषी असतो असंही नाही. मुक्तेश्वरची वाघीण साळिंदराशी भिडली होती, एक डोळा गेला होता आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले होते.

चंपावतनंतर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना रिग्बी कंपनीची .275 रायफल भेट दिली. हलकी, अचूक, बिनधुराच्या दारूची. वाघासाठी ती लहान आहे असं म्हणणारे तेव्हाही होते. पण डोंगरात दिवसभर चालायचं, तर अवजड दुनळी खांद्यावर किती वेळ? 1930 साली चौगडच्या वाघिणीने, जिच्यावर 64 बळी नोंदले होते, ओढ्यात आठ फुटांवर गाठलं, तेव्हा डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी होती आणि ही रायफल एका हाताने हळूहळू फिरवून त्यांनी बार काढला. भारी रायफल असती तर ते जमलं नसतं. अर्थात, जवळच्या जाड जनावरासाठी त्यांच्याकडे .450/400 ची जेफरी दुनळीही होती. कुठल्या दिवशी कुठली न्यायची, ते रान बघून ठरायचं.

रुद्रप्रयागचा बिबट्या आठ वर्षं केदार-बद्रीच्या वाटेवर होता, 125 बळी. त्याच्यासाठी सरकारने सगळं करून पाहिलं: पिंजरे, बंदुकांचे सापळे, सायनाइडसुद्धा. विष खाऊनही तो जगला. शेवटी मे 1926 मध्ये गोलाबराईला आंब्याच्या झाडावरून, रात्री, टॉर्चच्या उजेडात तो पडला.

विषाचं वाचलं की मला आमची गोळावली आठवते. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्याजवळ सत्तरीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. गुरं मारली म्हणून कुणाच्या तरी रागाचा तो शेवट. शेतकऱ्याच्या रागाची कारणं मी रोज ऐकतो. दोडामार्ग असो, खानापूर असो की पेडणे, रानडुकरं आणि गवे एका रात्रीत वर्षाची मेहनत झोपवतात, आणि भरपाईचे कागद महिनोन्महिने फिरतात. पण माळ्यावरच्या जुन्या ठासणीत अंदाजाने दारू भरून रात्री बॅटरीच्या उजेडात काढलेला बार काय करतो, हे कॉर्बेट यांच्या पिपल पानीच्या वाघाने दाखवलंय. गोठ्याजवळ एका गावकऱ्याने त्याला जखमी केलं. आता हा नरभक्षक होईल या भीतीने, लहानपणापासून पाहिलेला तो वाघ कॉर्बेट यांना स्वतः मारावा लागला, आणि पुढे त्याची हळहळ राहिली. (आज शिकार 1972 च्या कायद्याने बंद आहे आणि विनापरवाना काडतूस भरणं हाही गुन्हाच, हे जाता जाता.)

विशीच्या दशकात त्यांनी सिनेकॅमेरा घेतला आणि बंदूक मागे पडत गेली. 1936 मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे त्यांचा मोठा हात. तेव्हाचं हेली पार्क पुढे त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं आणि 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प तिथूनच सुरू झाला. पण नरभक्षकासाठी बोलावणं आलं की ते जात. ठाकची वाघीण 1938 ची, तेव्हा वय 63.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलात जगायला शिकवण्यासाठी ते मध्य प्रांतात छिंदवाड्याला होते. सौंसर-पांढुर्ण्याच्या आपल्या वाचकांना ही गोष्ट कदाचित ठाऊक असेल. 1944 मध्ये कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं त्यांचं पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं, तेही मुंबईच्या कचेरीतून. मूळ छोटा संग्रह 1935 साली नैनितालात शंभरच प्रतींचा छापला होता. मुंबईच्या पुस्तकाने मात्र त्यांना जगभर पोचवलं.

1947 च्या अखेरीस बहीण मॅगीसह ते केनियाला गेले. कालाढुंगीजवळची छोटी हल्द्वानीची जमीन ज्या कुळांना वसवलं त्यांच्याकडेच राहिली. तिथले लोक त्यांना कार्पेट साहेब म्हणायचे, आजही म्हणतात. 19 एप्रिल 1955 रोजी न्येरी इथे ते वारले, कबर तिथेच आहे. ह्युएट साहेबांनी दिलेली .275 रिग्बी त्यांच्यामागे गेली ती कुठल्या शिकाऱ्याकडे नव्हे, तर पुस्तकं छापणाऱ्या ऑक्सफर्ड प्रेसकडे. पुढे 2015 मध्ये ती पुन्हा रिग्बी कंपनीने घेतली.